धाव ते टायर : जॉन बॉइड डनलॉप यांचे चरित्र

सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात चाकाचा उपयोग गाडीसाठी होऊ लागला, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली जो कांस्य रथ सापडला तो साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचा समजला जातो. त्या रथाला दोन बैल जुंपलेले आहेत. म्हणजे बैल, जू आणि चाक यांचे नाते आपल्या भूमीत निदान तितके जुने आहे. या प्रदीर्घ काळात चाकामध्ये सुधारणा झाल्या, पण त्या फार सावकाश झाल्या. भरीव चाकाच्या जागी तुंबा आणि आरे असलेले हलके चाक आले. पुढे लाकूड झिजू नये म्हणून त्यावर लोखंडी धाव चढली. लोहाराने भट्टीत लाल केलेली धाव चाकावर बसवायची, तिच्यावर पाणी ओतायचे आणि ती आवळली की चाक पक्के झाले असे समजायचे, ही कृती आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी गावच्या लोहारसाळेत पाहिलेली आहे.

या धावेलाच इंग्रजीत टायर म्हणतात. आज टायर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रबर आणि हवा येते. परंतु हा अर्थ त्या शब्दाला अवघ्या सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी प्राप्त झाला. धाव लोखंडाची असते ही हजारो वर्षांची समजूत ज्याने व्यवहारात मोडून काढली, तो मनुष्य कोणी यंत्रशास्त्रज्ञ नव्हता, कारखानदार नव्हता, किंबहुना त्याला सायकलसुद्धा चालवता येत नव्हती असे सांगतात. तो जनावरांचा डॉक्टर होता. त्याचे नाव जॉन बॉइड डनलॉप. ज्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी थंडीच्या तोंडावर लक्षावधी माणसे आणि हजारो बैल लांबच्या रस्त्याला लागतात, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी या पशुवैद्याचे चरित्र जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण त्याने लावलेल्या शोधाची जमा आणि खर्चाची, दोन्ही बाजू आपल्या दारात उभ्या आहेत.

बालपण आणि शिक्षण

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात ड्रेगहॉर्न या खेड्यात झाला. वडील कुळाने जमीन कसणारे शेतकरी होते. घोडे, गाई, नांगर आणि गाड्या यांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. जन्म वेळेआधी दोन महिने झाला असल्याने आपला मुलगा नाजूक प्रकृतीचा आहे, अशी आईची ठाम समजूत होती आणि ती तिने मुलाच्याही मनात रुजवली. गंमत अशी की या नाजूक माणसाला एक्क्याऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले आणि अखेरच्या दुखण्यापर्यंत मोठा आजार असा कधी झाला नाही. तरीसुद्धा आपल्याला जपून राहिले पाहिजे ही भावना त्यांनी जन्मभर सोडली नाही. त्यांच्या स्वभावातील भिडस्तपणा आणि सावधपणा यांचे मूळ कदाचित येथे असावे.

शेतीपेक्षा अभ्यासाकडे त्यांचा ओढा होता. एडिंबरो येथील प्रसिद्ध डिक पशुवैद्यक विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते पशुवैद्य झाले. स्कॉटलंडमध्ये काही वर्षे व्यवसाय केल्यावर १८६७ साली ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. प्रथम डाउनपॅट्रिक येथे त्यांनी आपल्या भावासह दवाखाना काढला आणि नंतर बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर बस्तान बसवले. १८८०नंतरच्या काळात त्यांचा दवाखाना आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या पशुवैद्यक दवाखान्यांत गणला जाऊ लागला. मार्गारेट स्टीव्हन्सन ही त्यांची पत्नी. त्यांना जीन ही मुलगी आणि जॉनी हा मुलगा अशी दोन अपत्ये होती.

त्या काळचे बेलफास्ट आपण डोळ्यांपुढे आणले पाहिजे. जहाजबांधणी आणि लिनन कापड यांच्यामुळे शहर झपाट्याने वाढत होते. मालाची सारी वाहतूक घोड्यांवर चाले. रस्त्यांवर ग्रॅनाइटचे चिरे बसवलेले, त्यांत ट्रामचे रूळ, आणि त्यांवरून लोखंडी धावेच्या गाड्या खडखडत जात. धक्का चाकाला बसे, चाकाकडून तो आखाला, आखाकडून ओझ्याला आणि अखेर घोड्याच्या खांद्याला व पायांना पोचे. असे लंगडणारे आणि खांदे सोललेले घोडे हे पशुवैद्याच्या रोजच्या कामातले रुग्ण होत. आपल्याकडे ओझ्याच्या बैलाला खांदेसूज येते तसाच हा प्रकार. डनलॉप यांचे लक्ष रस्त्याच्या धक्क्याकडे वळण्यास हा अनुभव किती कारण झाला हे मोजून सांगता येणार नाही. परंतु जनावराच्या अंगावर धक्का कोठे जातो हे त्यांच्याइतके जवळून पाहणारे लोक थोडेच असतील.

अंगणातला प्रयोग

१८८७ साली जॉनी दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीन चाकांची सायकल होती आणि तिच्या चाकांवर त्या काळच्या पद्धतीप्रमाणे भरीव रबराची पट्टी होती. ही पट्टी लोखंडाइतकी कठीण नव्हती, तरी चिऱ्यांच्या रस्त्यावर मुलाची हाडे खिळखिळी होत. हे बसणे सुखाचे आणि चालवणे हलके कसे करता येईल, असा प्रश्न वडिलांपुढे उभा राहिला.

रबर हा पदार्थ डनलॉप यांना नवा नव्हता. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधून काढली होती आणि त्यानंतर रबराच्या नाना वस्तू बाजारात आल्या होत्या. आपल्या व्यवसायातही डनलॉप रबराचा वापर करीत. त्यांनी रबराच्या पातळ पत्र्याची एक नळी बनवली, सुमारे अडतीस इंच व्यासाच्या लाकडी तबकडीभोवती ती गुंडाळली, वरून लिननच्या कापडाची पट्टी खिळ्यांनी ठोकून ती जागेवर धरली आणि फुटबॉल फुगवण्याच्या पंपाने तिच्यात हवा भरली.

मग त्यांनी परीक्षा घेतली, ती अगदी साधी होती. सायकलचे नेहमीचे एक चाक आणि हवेच्या नळीचे हे चाक अशी दोन्ही त्यांनी अंगणात घरंगळत सोडली. पहिले चाक काही अंतर जाऊन आडवे झाले. दुसरे अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळले आणि तेथून उलटे फिरले. हा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागली नाही, मोजमापाची उपकरणे लागली नाहीत. दोन चाके, एक अंगण आणि निरखून पाहणारे डोळे एवढ्यावर भागले. पुढे जॉनीच्या सायकलची मागची दोन्ही चाके तशीच करण्यात आली आणि १८८८च्या आरंभी तो मुलगा जगातील पहिल्या उपयुक्त हवेच्या टायरांवरून फिरू लागला.

यामागचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. कठीण चाकाखाली खडा आला की त्या खड्यावर सबंध गाडी, ओझ्यासह, उचलली जाते आणि पुन्हा खाली आपटते. ही उचल करण्याची ताकद ओढणाऱ्याच्या अंगातून येते आणि आपटण्यात वाया जाते. हवेच्या टायरात खडा तेवढ्यापुरता आत दबतो, गाडी जवळजवळ त्याच पातळीवर पुढे सरकते आणि दबलेली हवा खडा मागे पडताच पुन्हा पूर्ववत होते. मऊ मातीत आणखी एक फायदा असतो. लोखंडी धाव अरुंद असल्याने चाकोरी खणत खाली रुतते. टायर रुंद टेकतो आणि वरच राहतो. काळ्या रानात पावसानंतर गाडी रुतलेली ज्याने पाहिली असेल, त्याला याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

कीर्ती आणि कंपनी

७ डिसेंबर १८८८ रोजी डनलॉप यांना या शोधाचे पेटंट मिळाले. बेलफास्टमध्येच एडलिन यांच्या कारखान्यात हवेच्या टायरांच्या सायकली तयार होऊ लागल्या. जाड फुगीर चाके पाहून लोक हसत. हसणाऱ्यांची तोंडे १८ मे १८८९ रोजी बंद झाली. त्या दिवशी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत विली ह्यूम नावाचा स्वार हवेच्या टायरांची सायकल घेऊन उतरला आणि त्याने सायकलच्या चारही शर्यती जिंकल्या. लवकरच लिव्हरपूल येथेही त्याने एक सोडून सर्व शर्यती मारल्या. विचार करण्याजोगी गोष्ट आहे : एका महाविद्यालयाच्या मैदानावरील क्रीडासंमेलनाने एका जागतिक उद्योगाचा दरवाजा उघडला.

हरलेल्या स्वारांमध्ये हार्वे द्यू क्रो या डब्लिनच्या धनिकाची मुले होती. द्यू क्रो स्वतः खेळाडू वृत्तीचे आणि व्यवहारात अत्यंत तल्लख. मुलांच्या पराभवाचा राग न धरता त्यांनी त्या टायरातली शक्यता ओळखली आणि १८८९ सालीच डब्लिनमध्ये कंपनी उभी केली. डनलॉप यांनी आपले हक्क या कंपनीच्या स्वाधीन केले आणि मोबदल्यात काही रोख रक्कम व थोडे भाग घेतले.

इतक्यात एक अनपेक्षित आघात झाला. पेटंट मिळून दोन वर्षे होतात तो सरकारकडून कळवण्यात आले की हे पेटंट टिकणारे नाही, कारण हीच कल्पना पूर्वी एकाने नोंदवून ठेवली आहे. हा पूर्वसूरीही स्कॉटिश होता. रॉबर्ट विल्यम थॉमसन हे त्याचे नाव. जन्म १८२२, मृत्यू १८७३. त्याने १८४५ साली, म्हणजे डनलॉप पाच वर्षांचे असताना, हवेच्या चाकांचे पेटंट घेतले होते आणि लंडनच्या एका उद्यानात घोडागाडीला तशी चाके लावून ती चालवूनही दाखवली होती. परंतु त्या वेळी सायकल अवतरली नव्हती, मोटार तर स्वप्नातही नव्हती, पातळ आणि चिवट रबर स्वस्तात मिळत नव्हते. कल्पना काळाच्या पुढे गेली आणि विसरली गेली. डनलॉप यांना तिची गंधवार्ताही नव्हती. त्यांनी स्वतंत्रपणे तोच शोध पुन्हा लावला आणि तो अशा वेळी लावला, की जगाला त्याची गरज भासत होती. प्रथम कोणी विचार केला आणि प्रथम कोणी तो लोकांच्या हाती दिला, हे दोन वेगळे मान आहेत. इतिहासाने थॉमसन यांना पहिला आणि डनलॉप यांना दुसरा मान दिला, हे न्याय्यच होय.

मूळ पेटंट गेल्यावर कंपनी बुडाली असती. ती वाचली इतरांच्या शोधांमुळे. डनलॉप यांचा टायर चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर झाले की तो सगळा सोलून काढावा लागे. १८९० साली चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेला तार असलेला आणि विल्यम बार्टलेट यांनी कडेला गोठ असलेला, असे काढता-घालता येणारे टायर शोधून काढले. द्यू क्रो यांनी हे हक्क विकत घेतले. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी १८९१ साली सायकलसाठी सुटा टायर केला आणि १८९५ साली पॅरिस ते बोर्दो व परत या शर्यतीत मोटारगाडी हवेच्या टायरांवर चालवून दाखवली. अशा रीतीने आपण ज्याला आज टायर म्हणतो त्याच्यामागे अनेक डोकी आणि अनेक हात आहेत. डनलॉप हे त्यांतील पहिले यशस्वी नाव.

नाव राहिले, धन गेले

१८९५ साली डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी द्यू क्रो यांनी तो सारा व्यवसाय टेरा हूली या सट्टेबाज भांडवलदाराला तीस लाख पौंडांना विकला आणि हूलीने तो जनतेला पन्नास लाख पौंडांना विकला. एका वर्षाच्या अंतराने संशोधक या अफाट पैशापासून दूर राहिला. कंपनीच्या नावात डनलॉप, जाहिरातीत डनलॉप, टायरवर दाढीवाल्या डनलॉपचा चेहरा. पण त्या नावाच्या धन्याला त्यातून मोठी संपत्ती कधीच मिळाली नाही.

यावरून ते दारिद्र्यात पिचले असे मात्र समजू नये. त्यांची प्राप्ती सुखाने राहण्याइतकी होती. डब्लिनमध्ये एका कापडाच्या व्यापारी पेढीत त्यांचे हितसंबंध होते. तेथेच बॉल्सब्रिज भागात त्यांनी शांतपणे उत्तरायुष्य घालवले. ऑक्टोबर १९२१मध्ये त्यांना सर्दीचा विकार जडला आणि २३ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले. डब्लिनच्या डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. तो त्यांच्या पश्चात मुलगी जीन हिने प्रकाशित केला. पुढे उत्तर आयर्लंडमधील एका बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. ज्याला नोटा फारशा मिळाल्या नाहीत त्याचे चित्र नोटेवर यावे, हा काळाचा विनोद म्हणावयाचा.

रबराची किंमत

चरित्रनायकाचा गौरव करताना त्याच्या शोधाची सावली झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १८९०नंतर सायकलींची आणि मग मोटारींची लाट उसळली आणि रबराची मागणी एकाएकी वाढली. त्या वेळी रबर मळ्यांत पिकत नव्हते, जंगलांतून गोळा करावे लागे. बेल्जमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खाजगी मालकीच्या काँगो राज्यात, १८८५ ते १९०८ या काळात, रबराचा ठरलेला वाटा आणून देण्यासाठी गावेच्या गावे वेठीस धरली गेली. बायकांना ओलीस ठेवले जाई आणि माणसांचे हात तोडण्यापर्यंत अत्याचार होत. हा प्रकार जगापुढे आणणाऱ्यांत रॉजर केसमेंट हा ब्रिटिश वकिलातीतील अधिकारी होता. त्याचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला. हा केसमेंटही आयर्लंडचाच सुपुत्र होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दरम्यान हेन्री विकहॅम याने १८७६ साली ब्राझीलमधून रबराचे बी लंडनला नेले होते. त्यांच्या रोपांपासून सिलोन आणि मलाया येथे मळे उभे राहिले. आपल्या देशात केरळमध्ये पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे १९०२ साली रबराची व्यापारी लागवड सुरू झाली. अशा रीतीने मळ्याचे रबर आले आणि काँगोच्या जंगलातील रबराचे महत्त्व ओसरले. या अत्याचारांशी डनलॉप यांचा काडीचाही संबंध नव्हता. तरी मुलाच्या सायकलसाठी अंगणात केलेल्या एका प्रेमळ कृतीचे धागे जगात कोठवर जाऊन पोचतात, हे पाहून मन अंतर्मुख होते.

बीडच्या वाटेवर

भारतात डनलॉप कंपनीने १९३६ साली हुगळीच्या काठी साहागंज येथे टायरचा कारखाना काढला. देशातील तो पहिला टायर कारखाना. आता तो बंद पडलेला आहे. परंतु या नावाने खेड्यात जी गोष्ट नेली ती टिकून राहिली. ती म्हणजे हवेच्या टायरांची बैलगाडी. उत्तर भारतात पुष्कळ ठिकाणी अशा गाडीला डनलप असेच म्हणतात. आपल्याकडे ती टायरगाडी झाली.

१९५०-५१ साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग पश्चिम महाराष्ट्रात असे कारखाने एकामागून एक उभे राहिले. त्यांना ऊस तोडणारे हात हवे होते. बालाघाटच्या डोंगररांगेतील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या कोरडवाहू तालुक्यांनी ते पुरवले. १९७२च्या दुष्काळानंतर हा ओघ आणखी वाढला. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी निघतात आणि चैत्र-वैशाखाच्या सुमारास परततात. फडावर ज्या टोळ्यांजवळ बैल आणि टायरगाडी असते, त्यांच्या मुक्कामाला टायर सेंटर म्हणतात. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि रात्री-बेरात्री कारखान्याच्या काट्यावर न्यायची, असा त्यांचा दिनक्रम असतो. डनलॉप यांच्या शोधावरून एका कष्टकरी समाजाच्या वस्तीला नाव पडावे, असे उदाहरण जगात विरळा.

थंड देशांत हिवाळ्यासाठी निराळे टायर वापरतात. बर्फाळ रस्त्यांसाठी असे टायर फिनलंडमध्ये १९३४ साली प्रथम मालमोटारींकरिता आणि दोन वर्षांनी लहान मोटारींकरिता तयार झाले. साधे रबर सुमारे सात अंश सेल्सिअसखाली ताठर होते आणि त्याची पकड जाते; हिवाळी टायराचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात. आपल्याकडे पहाटेचा पारा इतका खाली क्वचितच उतरतो आणि दुपारी रस्ता चांगला तापतो. असे मऊ रबर येथे लवकर झिजेल. तेव्हा मांजरसुंब्याचा घाट उतरून धुळे-सोलापूर महामार्गाने थंडीत लांब जाणाऱ्याने हिवाळी टायर शोधण्याचे कारण नाही. आहेत ते टायर धड आहेत की नाहीत हे पाहणे हाच शहाणपणा.

यासाठी काही गोष्टी जाणून ठेवाव्यात. थंडीत हवा आकुंचन पावते. दुपारी भरलेल्या मोटारीच्या टायरात पहाटे, तापमान दहा अंशांनी उतरले असता, सुमारे दीड ते दोन पौंड दाब कमी भरतो. म्हणून हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. कमी हवेचा टायर बाजूंनी वारंवार दुमडतो, तापतो आणि ओढायला जड जातो. टायरच्या कुशीवर चार आकड्यांची खूण असते; पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून त्याचे वय कळते. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कुशीला तडकलेले असू शकते. मोटारीसाठी नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असू नये असा दंडक आहे. टायरगाडीला पुष्कळदा मोटारीचे वापरलेले टायर बसवतात. ते बसवताना दोन्ही एकाच मापाचे आणि सारख्या हवेचे असावेत. नाही तर गाडी एका अंगाला ओढते आणि त्या अंगाचा बैल विनाकारण झिजतो. धुक्याच्या पहाटे मागून येणाऱ्या वाहनाला दिसावे म्हणून गाडीच्या मागे चकाकणारी पट्टी असणे हे तर टायराइतकेच महत्त्वाचे.

ओझे कोणाचे हलके झाले?

येथवर आल्यावर एक प्रश्न आपल्यासमोर उभा राहतो. टायरमुळे गाडी हलकी झाली, मग बैल सुखी झाला का? लाकडी चाकाच्या गाडीत जेवढे ओझे घालत, तेवढेच टायरगाडीत घातले असते, तर बैलाचे कष्ट खरोखरच कमी झाले असते. परंतु व्यवहारात तसे घडले नाही. गाडी हलकी चालते असे दिसताच तिच्यात ऊस वाढत गेला. आज एका जोडीच्या गाडीत दोन टनांहून अधिक ऊस सर्रास भरतात. जनावरांच्या ओझ्याविषयी केंद्र सरकारने १९६५ साली जे नियम केले, त्यांतही हवेचे टायर असलेल्या गाडीला बिनटायरच्या गाडीपेक्षा अधिक वजनाची मुभा दिलेली आहे. नियमाला मर्यादा आहे, फडाला नाही. मजुरी टनावर मिळते, उचल फेडायची असते, म्हणून गाडीवानही हात आखडता घेऊ शकत नाही. त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या मानेवरचे जू बैलाच्या जुवाहून हलके नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतो आणि वर्षभराच्या कष्टाबद्दल त्याची मनोभावे क्षमा मागतो. पशुवैद्य डनलॉप यांनी हा सण पाहिला असता, तर त्यातील भाव त्यांना तत्काळ समजला असता. त्यांचे सारे आयुष्य जनावरांच्या खांद्या-पायांची निगा राखण्यात गेले होते. त्यांच्या शोधाने धक्का नाहीसा केला. ओझे किती घालायचे हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते. ते समाजाच्या हाती होते आणि आजही आहे. कोणतेही यंत्र कष्ट वाचवते, पण वाचलेले कष्ट कोणाच्या पदरात पडावेत हे यंत्र सांगत नाही. बेलफास्टच्या संशोधकाच्या पदरात पैसा पडला नाही, काँगोच्या रानातील माणसाच्या पदरात यातना पडल्या, आणि बालाघाटच्या बैलाच्या खांद्यावर वाचलेल्या ताकदीच्या मापाने नवे ओझे पडले. फायदा झाला तो मधल्यांचा.

आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत आज असे कितीतरी विद्यार्थी आहेत, की ज्यांचे आईवडील या घटकेला कोठल्या तरी फडावर कोप्यात आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या पशुवैद्य होईल, कोणी अभियंता, कोणी कायदा करणाऱ्यांत बसेल. डनलॉप यांच्या चरित्रातून त्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात. मोठा शोध लागायला मोठे साधन लागत नाही. जवळच्या जिवाला काय टोचते आहे याकडे लक्ष असावे लागते. आणि शोध लागल्यावर काम संपत नाही. त्याचे फळ ज्याच्यासाठी शोध लावला त्याच्यापर्यंत पोचते की नाही, हे पाहणारा मनुष्य शोध लावणाऱ्याइतकाच आवश्यक असतो. पहिले काम जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ साली एका अंगणात केले. दुसरे काम अद्याप शिल्लक आहे, आणि ते करणारे हात याच मातीतून यावेत, अशी अपेक्षा बाळगणे वावगे ठरू नये.